नाव, आडनाव आणि पंगत : पूर्वग्रह कसा काम करतो

काटोलमध्ये पूर्वग्रह आणि समावेशन या विषयावर बोलायचं ठरलं, तेव्हा आम्हा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना काही जणांनी विचारलं, "हे शब्द फारच पुस्तकी नाहीत का?" शब्द पुस्तकी आहेत खरे, पण गोष्ट रोजची आहे. म्हणून सुरुवात संत्र्यापासून करू.

बागेत व्यापारी येतो. फळाचा आकार, सालीचा रंग, देठ एवढं बघतो आणि क्षणात ढीग वेगळे करतो. प्रत्येक फळ सोलून बघायला वेळ कोणाकडे आहे? आपला मेंदूही असाच काम करतो. माणूस समोर आला की नाव, कपडे, बोली, रंग बघून त्याला कुठल्या तरी ढिगात टाकतो. ही वर्गवारी म्हणजे पाप नव्हे, तिच्याशिवाय रोजचा व्यवहार चालणार नाही. अडचण पुढे आहे. संत्र्याला तुम्ही हलकं म्हटलं म्हणून ते आंबट होत नाही. माणूस मात्र ऐकतो, आणि ऐकून बदलतो.

याचा पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन संशोधकांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची भुलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. सुटलेल्या कोड्यांप्रमाणे पैसे मिळणार होते. कोणाची जात काय हे जाहीर केलं नव्हतं, तेव्हा दलित मुलं आणि उच्चवर्णीय मुलं यांच्या कामगिरीत सांगण्यासारखा फरक नव्हता. मग दुसऱ्या गटांत मुलांची नावं, वडील-आजोबांची नावं आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. कोडी तशीच, वेळ तेवढाच. दलित मुलांची कामगिरी सुमारे पाचव्या हिश्श्याने घसरली. २००६ साली हे संशोधन प्रसिद्ध झालं. मुलांची बुद्धी काही मिनिटांत कमी झाली नव्हती, खोलीतलं वातावरण बदललं होतं. 'कोणाचा रे तू?' हा प्रश्न आपल्याकडे सहज विचारला जातो. विचारणाऱ्याला तो साधा वाटतो, पण उत्तर देणाऱ्याला त्याचं ओझं होऊ शकतं.

आता तीन शब्द वेगळे करून घेऊ, कारण बोलताना आपण ते एकमेकांत मिसळतो. पूर्वग्रह मनात असतो. भेदभाव कृतीत असतो. आणि विषमता म्हणजे अशा हजारो कृतींची वर्षानुवर्षं साठत गेलेली बाकी. पुष्कळ लोक म्हणतात, "माझ्या मनात तसं काही नाही हो." असेलही. पण नोकरी, भाड्याची खोली, परीक्षेतले गुण यांचा हिशोब मनावर होत नाही, कृतीवर होतो.

नोकरीचंच बघा. आपल्या अमरावती जिल्ह्यात जन्मलेले अर्थतज्ज्ञ सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. वर्तमानपत्रांतल्या खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना त्यांनी सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले. नावं तेवढी वेगळी : काही उच्चवर्णीय वाटतील अशी, काही दलित, काही मुस्लिम. उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता सुमारे दोन तृतीयांश निघाली आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला सुमारे एक तृतीयांश. 'आमच्याकडे फक्त गुणवत्ता बघतात' असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा डोळ्यांसमोर ठेवावा. गुणवत्ता बघायची वेळच आली नव्हती. अर्ज त्याआधीच बाजूला पडला होता.

मग दोष कोणाचा, वाईट माणसांचा का? तसं म्हणून मोकळं होता आलं असतं तर सोपं होतं. रेमा हॅना आणि ली लिंडेन यांचा २०१२ चा अभ्यास वेगळंच सांगतो. त्यांनी भारतातल्या एका शहरात मुलांची परीक्षा घेतली आणि तपासणाऱ्या शिक्षकांसमोर उत्तरपत्रिका ठेवताना वरच्या पानावर विद्यार्थ्याची जात वगैरे माहिती चिठ्ठ्या टाकल्यासारखी लिहिली. म्हणजे पेपराचा आणि त्या जातीचा काही संबंधच नव्हता. तरी खालच्या मानलेल्या जातीचा शिक्का असलेल्या पेपराला थोडे कमी गुण पडले. फरक लहान होता, पण होता. आणि आश्चर्य म्हणजे तो मुख्यतः खालच्या मानलेल्या जातींतून आलेल्या शिक्षकांच्या तपासणीत दिसला. समाजाने दिलेला शिक्का ज्याच्यावर बसतो, त्याच्याही हातून तो पुढे उमटतो. म्हणून 'अमका समाज तसाच' असं म्हणून पूर्वग्रहाचं दुखणं बरं होणार नाही.

आता समावेशनाकडे येऊ. त्यासाठी लांब जायला नको, नागपूर पुरे. जाईबाई चौधरी या उमरेडकडच्या. लहानपणी दुष्काळात कुटुंब नागपूरला आलं. त्यांनी डोक्यावर ओझी वाहून पोट भरलं. एका मिशनरी बाईंनी त्यांना शाळेत शिक्षिका केलं. बाई 'अस्पृश्य' आहेत हे कळल्यावर सवर्णांनी शाळेवर बहिष्कार टाकला, नोकरी सुटली. १९२२ मध्ये जाईबाईंनी नागपुरात संत चोखामेळ्याच्या नावाने मुलींची शाळाच काढली.

पुढे डिसेंबर १९३७ मध्ये अखिल भारतीय महिला परिषदेचं अधिवेशन नागपुरात भरलं. स्त्रियांच्या हक्कांसाठी झटणारी, त्या काळातली पुढारलेली संस्था. जाईबाई तिथे गेल्या, पण जेवणाच्या वेळी त्यांना वेगळं बसवण्यात आलं. दार उघडं होतं, पंगत मात्र वेगळी. १ जानेवारी १९३८ ला दलित स्त्रियांनी सभा घेऊन त्याचा जाहीर निषेध केला. १९४२ च्या जुलैमध्ये तर नागपुरातच दलित स्त्रियांची स्वतंत्र परिषद भरली, अध्यक्षस्थानी सुलोचनाबाई डोंगरे होत्या आणि बायका हजारोंच्या संख्येने आल्या. बोलावणं म्हणजे समावेशन नव्हे, हे या बायकांनी कुठल्याही पाठ्यपुस्तकाच्या आधी सांगितलं.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये हेच सिद्धान्ताच्या भाषेत मांडलं. दोन गट नुसते जवळ आले म्हणून पूर्वग्रह कमी होत नाही. दोघांचा दर्जा समान हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं आणि संस्थेचा त्याला स्पष्ट पाठिंबा हवा. गावातल्या समितीत एखादी बाई किंवा दलित सदस्य नावापुरता असेल, सही करायला बोलावला जात असेल, तर ऑलपोर्टची पहिलीच अट मोडते.

मग करायचं काय? आमचं म्हणणं थोडक्यात असं : मनं बदलण्याची वाट बघत बसू नका, आधी पद्धत बदला. उत्तरपत्रिकेवर नावाऐवजी क्रमांक असतो, ही बोर्डाच्या परीक्षेतली पद्धत शाळेच्या चाचणीतही आणता येते. मुलाखतीत प्रत्येकाला तेच प्रश्न, त्याच क्रमाने. वर्गात बाकांची जागा दर आठवड्याला फिरती. शाळेत ताटं वाढायची पाळी सगळ्यांवर. यातल्या एकाही गोष्टीला पैसा लागत नाही.

इथे कोणी म्हणेल, मग जात विचारूच नका, आरक्षणाचा रकानाही काढून टाका. थांबा. जिथे निवाडा करायचा, तिथे नाव झाका. जिथे अन्याय मोजायचा आणि भरून काढायचा, तिथे जात विचारावीच लागते. ताप आहे का हे बघायचंच नाही म्हटलं, तर औषध कशावर देणार? राज्यघटनेच्या कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आणि कलम १६ ने राखीव जागांना आधार दिला. दोन्ही एकाच घटनेत आहेत, आणि त्यांत विरोध नाही.

तेव्हा उद्या शाळेत, बँकेत, पंचायतीत, लग्नाच्या मांडवात एवढंच बघा : कोण आलंय हे नव्हे, तर आलेला माणूस कुठे बसलाय, त्याच्या आधी कोण बोललं आणि ताट कोणी कोणाला वाढलं. तिथे फरक दिसला की मागाहून हळहळत बसू नका, जागच्या जागी बदला. आता तुमचे प्रश्न घेऊ.