विमान मोडून आलं, तर…

मोठं रेडिओ-नियंत्रित विमान प्रवासात मोडलं, तर आधी खोक्यासकट फोटो काढा. भरपाई मागताना तेच कामी येतात. बाल्साच्या तुटक्या फासळ्या पातळ सायनोअॅक्रिलेटने जुळतात. पंखाची मुख्य दांडी मात्र नुसती चिकटवू नये. दोन्ही बाजूंना प्लायवूडच्या पट्ट्या, मध्ये इपॉक्सी, आणि ते पूर्ण कडक होईपर्यंत धीर! दुरुस्तीने शेपटीकडे वाढलेलं वजन सर्वांत घातक, म्हणून गुरुत्वमध्य पुन्हा तपासाच. बहुतेक विमानांत तो पंखाच्या रुंदीच्या, पुढच्या कडेपासून, २५ ते ३३ टक्क्यांवर असतो.

कोल्हापूरकरांनी उडवण्याआधी नकाशाही पाहावा. अशा विमानांनाही लागू असलेल्या ‘ड्रोन नियम, २०२१’नुसार उजळाईवाडी विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांच्या वर जायला परवानगी लागते, त्याहून जवळ असाल, तर कोणत्याही उंचीला.