काठावरचे नाव

आपल्या वस्त्यांमधून जुनी लष्करी पदके अजून सापडतात. पण सापडण्यापेक्षा नाहीशी होण्याचा वेग अधिक आहे. कुठे पत्र्याच्या पेटीत, कुठे गाठोड्यात, कुठे एखाद्या म्हातारीच्या बटव्यात ती पडून असतात. गावात त्यांना पदक कुणी म्हणत नाही, बिल्ला म्हणतात. आजा लढाईत होता एवढे घरातल्यांना ठाऊक असते. कुठली लढाई, कुठली पलटण, हे सांगणारे माणूस केव्हाच गेलेले असते. अशा वेळी ती वस्तू काय सांगते आणि ती वाचायची कशी, याची थोडी माहिती आपल्या कार्यकर्त्यांना आणि विद्यार्थ्यांना असावी, म्हणून हा लेख.

माझे घर बीड जिल्ह्यातले. पदवीपर्यंत पोचलेला घरातला पहिला मी. वडिलांचे नाव शाळेच्या दाखल्यावर आहे. त्यांच्या मागे गेलो की कागद संपतात. अपवाद एकच. माझ्या चुलत आजोबांचे नाव दुसऱ्या महायुद्धाच्या एका पदकाच्या काठावर ठोकलेले आहे: नंबर, हुद्दा, नाव, पलटण. गाव त्यांना अर्ध्या नावाने, तेही तोडून हाक मारी. त्यांचे पूर्ण नाव लिहिण्याची गरज प्रथम पडली ती सरकारला, आणि तीही युद्धाला माणसे हवी होती म्हणून. या दोन्ही गोष्टी एकदमच लक्षात ठेवल्या पाहिजेत. नुसत्या अभिमानाने पदक वाचता येत नाही, आणि नुसत्या साम्राज्यविरोधानेही नाही.

लष्करी गणवेश आणि पदके जमवणे हा युरोप-अमेरिकेत मोठा छंद आहे, आणि मोठा व्यापारही. त्यात जर्मन वस्तूंना मोठी मागणी असते. मागणी आली की नक्कल येते, आणि नक्कल ओळखण्यासाठी तिथे एक शास्त्रच उभे राहिले आहे. जर्मनांचा लोखंडी क्रूस घ्या. १८१३ साली प्रशियात सुरू झालेले हे पदक १९३९ साली हिटलरने स्वस्तिक घालून पुन्हा काढले. अस्सल क्रूसाचा गाभा बहुधा लोखंडाचा आणि कड चांदीची असते; लोहचुंबक लावले की गाभा ओढला जातो. एकसंध ओतलेला क्रूस दिसला की जाणकार तो बाजूला ठेवतो. अंगरख्याच्या अस्तरावर मापाचे आकडे आणि पुरवठा-केंद्राचे शिक्के असतात, ते तपासतात. शिवणीचा किंवा फितीचा धागा अतिनील दिव्याखाली लख्ख चमकला, तर तो युद्धानंतरच्या काळातला असल्याची शंका घेतात. धातू, शिक्का, शिवण, आणि ही वस्तू कुणाकडून कुणाकडे आली याची साखळी, या चार गोष्टींवर तिथला सारा निवाडा चालतो.

ही पद्धत उचलण्याजोगी आहे. मात्र त्या छंदातला एक रोग उचलू नये. गुंडी कुठल्या कारखान्याची हे ज्याला पाठ असते, त्याला तो डगला घातलेल्या माणसाने काय केले हे विचारायची इच्छा पुष्कळदा नसते. जर्मनीत नाझी चिन्हांचे जाहीर प्रदर्शन हा कायद्याने गुन्हा आहे. शिक्षण आणि संशोधन यांना तेवढी सूट आहे. वस्तूला मालकाच्या कृत्यापासून वेगळे काढू नये, हे त्या देशाला फार मोठी किंमत मोजून समजले.

शिवाय गणवेशावरून माणूस ओळखू येतोच असे नाही. उत्तर आफ्रिकेत कैद झालेल्या हिंदी शिपायांतून सुभाषबाबूंच्या प्रयत्नाने जर्मनीत आझाद हिंदची पलटण उभी राहिली. जर्मन सैन्याच्या दप्तरी ती ९५० क्रमांकाची पायदळ रेजिमेंट. अंगात जर्मन गणवेश, बाहीवर तिरंग्यात झेप घेणारा वाघ आणि जर्मन भाषेत ‘स्वतंत्र भारत’ ही अक्षरे. म्हणजे जर्मन डगल्यातला माणूस आपल्याकडच्या एखाद्या खेड्यातला असू शकत होता. नाव गेले की वस्तू खोटे बोलू लागते.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. आजचे अंबाजोगाई म्हणजे निजामी अमलातले मोमिनाबाद. तिथे हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. १९०३ साली कंटिंजंटची पथके हिंदी सैन्यात मिसळली, आणि तिच्या घोडदळातून पुढे जी पथके आली त्यांत २० वे डेक्कन हॉर्स हे एक. १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समध्ये, सोमच्या लढाईत, हाय वुड नावाच्या जंगलाजवळ या पथकाने भाले रोखून जर्मनांवर घोडे घातले. मशीनगनच्या युगात भाल्यांचा हल्ला! इतिहासकारांना हा प्रसंग फार आवडतो. परंतु घोडा नुसता स्वारावर चालत नाही. शिलेदारी पद्धतीच्या घोडदळात दोन स्वारांमागे एक गवतकाप्या आणि एक तट्टू असे. पलटणीबरोबर मोतद्दार, भिस्ती, मोची, मेहतर जात. हे लढणारे नव्हेत, ‘फॉलोअर’ म्हणजे मागून चालणारे. गावातली जात छावणीत कामाचे नाव धारण करून येई.

हा भेद धातूतही उतरला आहे. पहिल्या महायुद्धाचे ‘ब्रिटिश वॉर मेडल’ शिपायाला चांदीचे मिळाले; मजूर पथकांना आणि अनेक फॉलोअरांना तेच पदक काशाचे. ठसा एकच: एका बाजूला पंचम जॉर्जचे मुख, दुसऱ्या बाजूला घोड्यावरचा उघडा पुरुष आणि १९१४ व १९१८ ही साले. फीत मध्ये नारिंगी, दोन्ही कडांना पांढरे, काळे, निळे पट्टे. काळपट तांबूस पदक हाती आले तर ‘हे नकली, चांदीचे नाही’ असे म्हणून फेकू नका. काठ उजेडात तिरपा धरा. भिस्ती, सईस किंवा मेहतर या अर्थाचा शब्द आणि त्यापुढे एकच नाव, बापाचे नाव नाही, आडनाव नाही, असे तिथे सापडू शकते. संग्राहकाच्या बाजारात काशाचे पदक दुर्मीळ म्हणून पाहिले जाते. आपल्यासाठी त्याचे महत्त्व निराळे आहे. छावणी झाडणाऱ्या माणसाचे नाव राजाच्या मुखवट्याच्या काठावर कोरले गेले, पण धातू मात्र बदलून!

चांदीचे पदक घरात टिकणे अवघड. त्यात अडीच तोळ्यांच्या आसपास चांदी असते. दुष्काळात, लग्नात, आजारपणात ते सोनाराच्या काट्यावर जाते, आणि सोनार काठ वाचत नाही. १९७२ च्या दुष्काळात आमच्या भावकीतल्या एका आजीने असे एक पदक मोडले. त्या दिवशी घरात ज्वारी आली. तिला दोष देण्याचा अधिकार आपल्याला नाही. जगभरही हेच झाले आहे. १९८० साली चांदी कडाडली तेव्हा अशी असंख्य पदके वितळली.

त्याच युद्धाचे दुसरे पदक पिवळट काशाचे, त्यावर पंख पसरलेली देवी, फीत इंद्रधनुष्यी. मागे इंग्रजीत लिहिले आहे की हे महायुद्ध सभ्यतेसाठी झाले. गावच्या विहिरीला हात लावण्याची ज्याला बंदी, त्याच्या छातीवर हे वाक्य.

महार शिपायाचे १९१४–१८ चे पदक विरळा, याचेही कारण आहे. कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत महार मोठ्या संख्येने होते. कोरेगावच्या स्तंभावर मृतांची ४९ नावे आहेत, त्यांतली २२ ‘नाक’ प्रत्ययाची, म्हणजे महारांची. परंतु १८९२-९३ च्या सुमारास ‘लढाऊ जाती’चा सिद्धांत पुढे करून भरतीचे दार लावले गेले. गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली, शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० साली सरकारकडे अर्ज केले. सुभेदार रामजी सकपाळांच्या पिढीचा हा घास होता. जर्मनीशी गाठ पडली तेव्हा सरकारला आठवण झाली आणि जून १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी राहिली. १९२० साली ती ७१ व्या पंजाबींत मिळवली आणि मार्च १९२१ मध्ये मोडली. चार वर्षांचे आयुष्य. काठावर १११ हा पलटणीचा आकडा दिसला तर ते पदक हातातून जाऊ देऊ नका.

कोरेगावचेही पदक आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. कंपनीच्या जुन्या लढायांसाठी ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदक मंजूर झाले ते १८५१ साली, आणि त्याच्या फितीवर ‘कोरेगाव’ अशी पट्टी होती. लढाई १ जानेवारी १८१८ ची. पदक तोवर जिवंत राहिलेल्यालाच. तेहतीस वर्षे जगून मागणी करील असा शिपाई कोण, याचा विचार वाचकांनीच करावा.

दुसऱ्या महायुद्धाची पदके आपल्याकडे त्या मानाने जास्त आढळतात. सहा टोकांचे पिवळे तारे निरनिराळ्या आघाड्यांचे: बर्मा, आफ्रिका, इटली. इटलीच्या ताऱ्याची फीत लाल, पांढरी, हिरवी. याच आघाडीवर जर्मनांशी लढताना यशवंत घाडगे यांनी १९४४ साली आणि नामदेव जाधव यांनी १९४५ साली व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडग्यांना तो मरणोत्तर. यांखेरीज दोन पांढुरकी गोल पदके नेहमी दिसतात. एकावर दुतोंडी राक्षसी प्राण्यावर उभा सिंह, ते ‘वॉर मेडल’. दुसऱ्यावर हिंदुस्थानचा नकाशा, ते देशातच सेवा केलेल्यांसाठीचे. हे चांदीचे नव्हे, तांबे-निकेलचे. म्हणूनच ते घरात उरले. ब्रिटिश शिपायाला दिलेली या युद्धाची पदके कोरी असत. हिंदी सैन्यात दिलेल्यांवर मात्र नाव ठोकलेले असते. जुन्या बाजारात नाव घासून काढलेले पदक मिळाले, तर ते कुणी आणि का घासले हा पहिला प्रश्न.

महार रेजिमेंटचा टोपीवरचा बिल्ला हे कालमापनाचे उत्तम साधन आहे. रेजिमेंट १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगावला उभी राहिली. तिच्यामागे बाबासाहेबांचा आग्रह होता. पहिल्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ आणि खाली ‘महार’ हा शब्द. ऑक्टोबर १९४६ मध्ये रेजिमेंट मशीनगनची झाली, तेव्हा स्तंभासह एकमेकींवर तिरप्या ठेवलेल्या दोन मशीनगन आल्या. पुढे स्तंभ गेला आणि त्या जागी खंजीर आला. बिल्ल्यावर काय आहे एवढे पाहिले तरी शिपायाचा काळ अदमासे ठरतो. १९४७ नंतरची पदके, १९६५ व १९७१ च्या युद्धांची, ओळखणे सोपे. त्यांवर अशोकस्तंभ किंवा नागरी अक्षरे दिसतात आणि घरात सांगणारी माणसेही अजून आहेत.

नाव एवढे का शोधायचे, असे माझे विद्यार्थी विचारतात. इराकमधल्या बसरा येथे पहिल्या महायुद्धातील चाळीस हजारांवर मृतांचे स्मारक आहे. त्यावर गोऱ्यांची नावे आहेत, हिंदी अधिकाऱ्यांची आहेत. हिंदी शिपायांची मात्र नुसती संख्या. राष्ट्रकुलाच्या युद्धस्मारक आयोगाने हा भेदभाव २०२१ साली आपल्या अहवालात मान्य केला आणि माफी मागितली. दगडाने जे नाव गाळले, ते घरी आलेल्या पदकाच्या काठावर शाबूत असू शकते. ते पदक आपण अडीच तोळ्यांना विकायचे का?

वस्तू हाती आली तर ब्रासो लावू नये. घासण्याने अक्षरे झिजतात. फीत धुऊ नये, बदलूही नये. काठाचा फोटो तिरप्या उन्हात, फिरवून फिरवून, चार-पाच भागांत घ्यावा. डिस्चार्जचा कागद, पेन्शनचे पुस्तक, विधवेच्या मनीऑर्डरच्या पावत्या सोबत ठेवाव्यात. महार रेजिमेंटचे केंद्र मध्य प्रदेशात सागर येथे आहे. तिथे लिहिताना नंबर आधी द्यावा, नाव नंतर. वस्तू घरच्यांकडेच राहू द्यावी, आपण नोंद तेवढी घ्यावी. नोंदवहीत पहिल्या ओळीत काठावरची अक्षरे जशीच्या तशी उतरावीत, साहेबाच्या कारकुनाने केलेल्या चुकांसकट. दुसऱ्या ओळीत घरात त्या माणसाला काय म्हणत ते लिहावे, आणि तिसऱ्या ओळीत परत आल्यावर गावाने त्याला कोणते काम दिले ते.