सरासरीत लपलेला उन्हाळा

महाराष्ट्रातील ज्या पाणथळ जागेला रामसर यादीत सर्वांत आधी स्थान मिळाले, ती नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील नांदूरमध्यमेश्वर होय. जानेवारी २०२० मध्ये ही घोषणा झाली तेव्हा तिचे सर्वत्र स्वागत झाले आणि ते रास्तच होते. महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रक्षणाचा करार १९७१ साली इराणमधील रामसर या गावी झाला आणि १९८२ मध्ये भारत त्यात सामील झाला. त्यानंतर अडतीस वर्षांनी महाराष्ट्राचे नाव त्या यादीत आले. तथापि, यादीत नाव गेल्याने पाणी स्वच्छ होत नाही. शिवाय पाणी स्वच्छ आहे की नाही हे ठरविण्याची आपली रीतच सदोष असेल, तर यादीतील नावाच्या आड पाण्याचा ऱ्हास सुखेनैव चालू राहू शकतो. नांदूरमध्यमेश्वरचे पाणी प्रदूषित आहे काय, या प्रश्नाला वर्षभर लागू पडेल असे एकच उत्तर नाही. भाद्रपदात त्याचे एक उत्तर मिळेल, पौषात दुसरे आणि वैशाखात तिसरे. आपली शासनयंत्रणा मात्र या तिन्ही उत्तरांची बेरीज करून तिला तिनाने भागते आणि आलेल्या आकड्याला सत्य मानते.

हे जलाशय निसर्गनिर्मित नाही. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमापाशी ब्रिटिश अमदानीत एक बंधारा बांधण्यात आला. गंगापूर, दारणा आदी वरच्या धरणांतून सोडलेले पाणी येथे अडवावे आणि डाव्या-उजव्या कालव्यांनी ते कोपरगाव, राहात्याकडच्या शेतीला द्यावे, हा त्याचा हेतू. त्र्यंबकेश्वरच्या डोंगरात धो धो कोसळणारा पाऊस निफाडला येईपर्यंत पार विरळ होतो. अशा पर्जन्यछायेच्या प्रदेशात उथळ पाणी, गाळाची बेटे आणि पाणवनस्पती यांचा विस्तीर्ण पट्टा तयार झाला. तेथे पक्षी उतरू लागले. १९८६ मध्ये तेथे अभयारण्य झाले. हिवाळ्यात चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, चमचा आणि वारकऱ्यांचे थवे तेथे पाहणाऱ्याला या जागेचा मूळ उद्देश कालव्याचा होता हे सांगूनही खरे वाटत नाही.

मात्र या पाण्याची दोन उगमस्थाने आहेत हे विसरून चालणार नाही. एक डोंगरातला पाऊस आणि दुसरे नाशिक शहर. २०११ च्या जनगणनेत नाशिकची लोकसंख्या पावणेपंधरा लाखांच्या वर होती. ती नंतर वाढलीच आहे. शहराला पुरविलेल्या पाण्यापैकी सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन परत येते, असा अभियंत्यांचा ढोबळ हिशेब असतो. हे सांडपाणी, प्रक्रिया झालेले असो वा नसो, गोदावरीच्या खोऱ्यातूनच खाली उतरते. त्याला ऋतू नाही. नाशिकचे सांडपाणी बारमाही आहे; गोदावरी बारमाही राहिलेली नाही. नांदूरमध्यमेश्वरच्या प्रदूषणाचे सारे ऋतुचक्र या विषम जोडीतून निर्माण होते.

पाण्याचे तीन ऋतू

पावसाळ्याचा आरंभ फसवा असतो. पहिल्या जोरदार सरींबरोबर जे पाणी येते ते वर्षातील अत्यंत घाणेरड्या पाण्यांपैकी एक. आठ महिने कोरड्या पडलेल्या नाल्यांत साठलेला कचरा, रस्त्यांवरचे तेल, उकिरड्यांचा निचरा, शेतातली माती हे सारे एकदम नदीत येते. पुढे धरणे भरून विसर्ग सुरू झाला की चित्र पालटते. पुराच्या पाण्यात शहराचे सांडपाणी विरून जाते आणि प्रवाहाच्या खळखळाटाने पाण्यात प्राणवायू मिसळतो. मात्र गढूळ पाण्याबरोबर आलेली माती बंधाऱ्यामागे बसते आणि मातीच्या कणांना चिकटून स्फुरदही येते. पूर पाणी धुऊन नेतो. पण जाताना तळाशी शिल्लक ठेवून जातो.

त्यानंतर हिवाळा येतो. निफाडची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. थंड पाणी अधिक प्राणवायू धरून ठेवते: समुद्रसपाटीच्या दाबाला १५ अंश सेल्सिअस तापमानाचे पाणी दर लिटरला सुमारे १० मिलिग्रॅम प्राणवायू सामावू शकते, ३० अंशांना हे प्रमाण साडेसातवर येते. थंडीत घाण कुजविणारे जिवाणूही मंदावतात. त्यामुळे पाणी निवळते आणि जलाशयाचे रूप खुलते. पक्षी येतात, त्यांच्यामागोमाग पर्यटक येतात, छायाचित्रे निघतात. परंतु याच काळात भोवतालच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरमधील गोडी छाटणीनंतरचा हंगाम ऐन भरात असतो. डावणीसारख्या रोगांच्या भीतीने बागाईतदाराला फवारणीमागून फवारणी करावी लागते आणि अवकाळी पाऊस झाला की तिची संख्या वाढते. मोरचुदातले तांबे पाण्यात फार काळ तरंगत नाही; ते गाळात जाऊन बसते. म्हणून पाण्याचा नमुना निर्दोष ठरला तरी तळाचा हिशेब वेगळा असू शकतो. बागाईतदाराला खलनायक ठरविण्याचा हा मुद्दा नाही. कर्ज काढून उभी केलेली बाग डोळ्यांदेखत जाऊ देणे कोणालाही परवडणारे नाही. पण त्याच्या विहिरीचे पाणीही याच जमिनीतून येते, हेही त्याला ठाऊक असायला हवे.

खरी परीक्षा फाल्गुनापासून सुरू होते. नदीचा नैसर्गिक प्रवाह आटतो. सिंचनाचे आवर्तन चालू असेल तेव्हा धरणांचे ताजे पाणी नदीपात्रातून येऊन कालव्यांत जाते आणि जलाशयाला तेवढ्यापुरता दिलासा मिळतो. आवर्तन थांबले की खाली उतरणाऱ्या प्रवाहात मोठा वाटा उरतो तो शहराच्या सांडपाण्याचा. पातळी खाली जाते, उथळ पाणी तापते, त्याची प्राणवायू धरण्याची शक्ती घटते आणि नेमकी याच वेळी जिवाणूंची भूक वाढते. तापमान दहा अंशांनी चढले तर कुजण्याचा वेग दीडपट ते दुप्पट होतो. म्हणजे जमा कमी आणि खर्च जास्त. तळाशी प्राणवायू संपला की पावसाळ्यात गाळात बसलेले स्फुरद पुन्हा पाण्यात सुटते. त्यावर शेवाळ आणि जलपर्णी पोसतात. जलपर्णीची चादर पसरली की हवेतला प्राणवायू पाण्यात मिसळणेही कठीण होते. असे हे चक्र स्वतःला पोसत राहते.

पुढे पहिला पूर येतो, जलपर्णी वाहून जाते आणि सर्वांना हायसे वाटते. प्रत्यक्षात ती खालच्या गावांच्या पाण्यात गेलेली असते आणि तिचे बी गाळात वर्षानुवर्षे जिवंत राहते. पुढच्या माघात ते आपली हजेरी लावतेच.

सरासरीचे गणित

आता नियमांकडे वळू. स्नानयोग्य पाण्यात दर लिटरला किमान ५ मिलिग्रॅम प्राणवायू असावा आणि जैविक प्राणवायूची गरज ३ मिलिग्रॅमहून अधिक नसावी, अशी आपली मानके सांगतात. केवळ गणितासाठी असे समजा की, एखाद्या जलाशयात पावसाळ्यात ७, हिवाळ्यात ७ आणि उन्हाळ्यात १ मिलिग्रॅम प्राणवायू आहे. वर्षाची सरासरी नेमकी ५ येते. कागदोपत्री पाणी निर्दोष; तळ्यातले मासे मात्र मेलेले! मासा सरासरीवर जगत नाही. वर्षातील एका पहाटे प्राणवायू संपला तर उरलेल्या तीनशे चौसष्ट दिवसांची स्वच्छता त्याच्या उपयोगी पडत नाही. आणि पहाट हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. शेवाळ दिवसा उन्हात प्राणवायू सोडते आणि रात्री तो खाते; त्यामुळे शेवाळलेल्या पाण्यात दुपारी प्राणवायू भरपूर दिसतो आणि सूर्योदयापूर्वी तो तळ गाठतो. नमुने मात्र कचेरीच्या वेळेत घेतले जातात.

सांडपाण्याच्या मानकांतही हाच दोष आहे. प्रक्रिया केलेल्या सांडपाण्याची जैविक प्राणवायूची गरज किती असावी, याची मर्यादा केंद्राच्या २०१७ च्या अधिसूचनेने महानगरांखेरीज इतर ठिकाणांसाठी ३० अशी ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती अधिक कडक करण्यास सांगितले. ३० च्या सांडपाण्याचा एक भाग आणि नदीच्या १ च्या स्वच्छ पाण्याचे एकोणीस भाग मिसळले तर मिश्रण अडीचच्या आसपास येते; पावसाळ्यात हे सहज साधते. पण नदीत सांडपाण्याइतकेच स्वच्छ पाणी उरले असेल तर तेच मिश्रण साडेपंधरावर जाते. मर्यादा १० पर्यंत कडक केली तरी समसमान मिश्रणात आकडा साडेपाच येतो. म्हणजे स्नानाच्या मानकाच्या वरच. तात्पर्य असे की, प्रक्रिया केंद्राने नियमाचे तंतोतंत पालन केले तरीही वैशाखातले पाणी दूषित राहू शकते. नियम लिहिणाऱ्याने नदी वाहती आहे असे गृहीत धरले. नदीने ते गृहीत पाळले नाही.

पाणथळ जागा घाण शोषून घेते, ती निसर्गाचे मूत्रपिंड आहे, असा युक्तिवाद यावर हमखास केला जातो. कोलकात्याच्या पूर्वेकडील पाणथळ भागाचा दाखलाही दिला जातो. तेथे शहराचे सांडपाणी खरोखरच उथळ तळ्यांत निवळते आणि त्यावर मासे पोसले जातात. परंतु तेथील मच्छीमार पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने किती सांडपाणी, कोणत्या तळ्यात, किती दिवस घ्यायचे ते ठरवितात. नांदूरमध्यमेश्वरला येईल ते, येईल तेव्हा आणि येईल तेवढे घ्यावे लागते. मूत्रपिंडालाही सोसण्याची मर्यादा असते. उष्ण, प्राणवायूहीन चिखल पक्ष्यांनाही किती घातक ठरू शकतो, हे राजस्थानातील सांभर सरोवराने २०१९ च्या नोव्हेंबरात दाखविले आहे. बोट्युलिझम या विषबाधेने तेथे हजारो स्थलांतरित पक्षी मेले. सांभर खारे आहे, नांदूरमध्यमेश्वर गोडे आहे, हा फरक खरा. परंतु त्या विषाला लागणारी परिस्थिती केवळ खाऱ्या पाण्याची मक्तेदारी नाही.

सिंहस्थ पावसाळ्यात येतो

गोदावरीच्या स्वच्छतेचा विषय नाशिकमध्ये बारा वर्षांनी एकदा ऐरणीवर येतो, तो सिंहस्थाच्या निमित्ताने. त्या वेळी निधी मिळतो, केंद्रे उभी राहतात, नाले वळविले जातात. परंतु सिंहस्थाची मुख्य स्नाने श्रावण-भाद्रपदात येतात. २०१५ मधील स्नाने ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये झाली. २०२७ च्या सिंहस्थाचेही तसेच. म्हणजे ज्या काळात नदी आपल्या बळावर बऱ्यापैकी स्वच्छ असते, नेमक्या त्याच काळासाठी आपण तिच्या स्वच्छतेची तयारी करतो. लाखो भाविकांच्या आरोग्यासाठी ती आवश्यक आहेच. पण सिंहस्थातले पाणी चांगले होते म्हणून गोदावरी स्वच्छ झाली, असा निष्कर्ष काढणे म्हणजे दिवाळीच्या फराळावरून घरातल्या सुबत्तेचा अंदाज बांधण्यासारखे आहे.

पाण्याच्या वाटपाचीही तीच कथा. नाशिक, अहिल्यानगर आणि मराठवाडा यांच्यात गोदावरीच्या पाण्यावरून होणारे वाद टीएमसीत मोजले जातात. कोणत्या धरणातून किती सोडावे यावर समित्या बसतात, न्यायालयात दावे जातात. सोडलेल्या आणि उरलेल्या पाण्याचा दर्जा काय, हा प्रश्न त्या हिशेबात जवळजवळ नसतोच.

करण्याजोगे काय?

येथे एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. सांडपाणी नदीत येऊच देऊ नये, असे म्हणणे सोपे आहे. परंतु आवर्तनांच्या मधल्या काळात ते सांडपाणी हेच नदीतले बरेचसे पाणी असते. ते सगळे कारखान्यांना वा वीजकेंद्रांना दिले तर जलाशय स्वच्छ होण्याऐवजी कोरडा पडेल आणि खालच्या शेतकऱ्याचा पाण्याचा हक्कही जाईल. म्हणून सांडपाण्याचा पुनर्वापर आणि नदीचा किमान प्रवाह या दोन गोष्टींची सांगड घालावी लागेल. शहराने आणि उद्योगांनी जितके प्रक्रिया केलेले पाणी वापरले, तितके धरणातले ताजे पाणी वाचते. त्या बचतीतला ठरावीक वाटा मार्च ते जूनमध्ये नदीला परत मिळाला पाहिजे. आवर्तनांच्या तारखा ठरविताना केवळ पिकांची तहान पाहिली जाते. दोन आवर्तनांतील अंतर जलाशयाला किती सोसवेल हेही त्याच बैठकीत पाहता येईल. त्यासाठी नवे धरण लागत नाही.

दुसरे असे की, महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने ऋतुवार आकडे स्वतंत्रपणे प्रसिद्ध करावेत. नदीच्या पाण्याचे नमुने दरमहा घेतलेच जातात. प्रश्न ते वाचण्याच्या पद्धतीचा आहे. जलाशयाची प्रतवारी वार्षिक सरासरीवर न ठरविता त्याच्या सर्वांत वाईट महिन्यावर ठरवावी. एप्रिल-मे मध्ये काही नमुने पहाटे घ्यावेत आणि वर्षातून एकदा गाळही तपासावा. तिसरे, जलपर्णी काढायची तर ती फुलण्यापूर्वी, हिवाळ्यातच काढावी आणि काठावर कुजत न ठेवता दूर न्यावी. काठावर कुजलेली जलपर्णी पहिल्या पावसात आपले सारे स्फुरद पाण्याला परत करते. मग मजुरी तेवढी खर्ची पडते.

पाण्याविषयीचा आपला कायदा १९७४ चा आहे. पाणथळ जागांचे नियम २०१७ चे आहेत. त्यांत अधिकारांची वाण नाही. उणीव आहे ती या जागेकडे वर्षभर पाहण्याची. डिसेंबरात तेथे जाणाऱ्या पाहुण्यांना चक्रवाक दिसतात आणि ते समाधानाने परततात. खानगाव थडी, चापडगाव, मांजरगावच्या लोकांना आणि जाळे टाकून पोट भरणाऱ्या भोयांना मात्र बाराही महिने तेथेच राहायचे असते. रामसरचा दर्जा टिकवायचा असेल, तर तपासणी अधिकाऱ्यांनी यापुढे त्यांच्या गावी वैशाखात यावे.