टिचबटण लागल्याचा आवाज

माझ्या दुकानात पिस्तूल आलं, तरी मी ते हातात घेत नाही. परवाना ज्याच्या नावाचा, हातही त्याचाच. गिऱ्हाईक समोरच्या बाकावर बसतं, नळीचं तोंड कोपऱ्यातल्या वाळूच्या बादलीकडे ठेवून मॅगझिन काढतं, स्लाइड मागे ओढून चेंबर रिकामं असल्याचं मला दाखवतं. मग मी लांबूनच पट्टी धरतो आणि मापं वहीत उतरवतो. पुढचं सगळं काम लाकडी सांगाड्यावर. आमच्या गल्लीतल्या सुतारानं शिसवीतून कोरून दिलेले असे अकरा सांगाडे माझ्याकडे आहेत. कानपूरचं .३२ रिव्हॉल्व्हर, ईशापूरचं .३२ पिस्तूल, पोलिसांचं ९ मिलिमीटरचं, जुनं .३८ रिव्हॉल्व्हर. घोड्याचा उंचवटा, सेफ्टीची पट्टी, ट्रिगरभोवतीचं कडं, सगळं त्यात तंतोतंत आहे.

माझे वडील कोल्हापुरी चपला करत. बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं कातडं, तेच कातडं शिवून त्याची पिशवी करायची, ती टांगून वरून पाणी ओतत राहायचं. त्या वासात मी वाढलो. होल्स्टरकडे वळलो ते एका फौजदारांमुळे. त्यांच्या .३८ च्या होल्स्टरची झाकणाची पट्टी तुटली होती. मी ती रापीनं तासून, मेण लावलेल्या दोऱ्यानं दुहेरी टाक्यात शिवून दिली. त्यांनी पैसे दिले, होल्स्टर कमरेला लावलं आणि दुकानातच दोनदा वाकून बसून पाहिलं. ते का बसून पाहतायत, हे तेव्हा मला कळलं नाही. कळलं पुढे सहा-सात वर्षांनी, आणि वाईट रीतीनं कळलं.

हुपरीचे एक चांदीचे व्यापारी आले. त्यांना होल्स्टर देखणं हवं होतं आणि रिव्हॉल्व्हर चटकन निघायला हवं होतं. मी आतून मेंढीचं मऊ अस्तर लावलं, वरची पट्टी काढून टाकली. दिसायला लोण्यासारखं झालं. चार महिन्यांत अस्तर दबलं, चामडं सैल पडलं. एका लग्नात ते पंगतीला मांडी घालून बसले आणि रिव्हॉल्व्हर घरंगळून फरशीवर पडलं. गोळी सुटली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी होल्स्टर माझ्या गल्ल्यावर ठेवलं. पैसे परत मागितले नाहीत. एवढंच म्हणाले, ‘‘दादा, तिथं पोरं खेळत होती.’’

ते होल्स्टर अजून माझ्या कपाटात आहे. त्यानंतर पट्टी किंवा खटका नसलेलं एकही होल्स्टर मी विकलेलं नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

लोकांना वाटतं, होल्स्टर म्हणजे पिस्तूल बाहेर काढायची सोय. मी उलट सांगतो. वर्षातल्या तीनशे पासष्ट दिवसांत पिस्तूल बाहेर काढायची वेळ बहुतेकांवर एकदाही येत नाही. पण उठणं, बसणं, वाकणं, मोटारसायकलवर टांग टाकणं, गर्दीत ढकललं जाणं रोजचं आहे. या सगळ्यात ते जिथल्या तिथं राहायला हवं, आणि त्याच्या ट्रिगरला कशाचाही स्पर्श होता कामा नये. या दोन गोष्टी जमल्यावर मग ते किती झटकन निघतं याचा विचार.

पिस्तूल धरून ठेवायचे मुळात दोन मार्ग. एक पकडीचा. चामडं किंवा प्लास्टिक पिस्तुलाच्या आकारावर इतकं घट्ट बसवायचं, की ते आपल्या घर्षणानंच अडकून राहील. काही होल्स्टरला त्यासाठी स्क्रू असतो, पिळला की पकड वाढते. दुसरा मार्ग कुलपाचा. घोड्यावरून जाणारी, टिचबटणानं बंद होणारी पट्टी. किंवा वरून फिरून बसणारी कमान. किंवा पिस्तूल आत सरकताच आपोआप लागणारा आणि अंगठ्यानं सोडवायचा आतला खटका. गणवेशातल्या माणसाचं पिस्तूल सगळ्या जगाला दिसत असतं, त्यामुळे त्याला पकड आणि कुलूप दोन्ही हवं, शक्यतो दोन कुलपं.

या कुलपांची पायरी ठरवायची पद्धत अमेरिकेतून आली. बिल रॉजर्स हे तिथल्या एफबीआयमध्ये काम केलेले गृहस्थ, नंतर होल्स्टरच्या धंद्यात आले. १९७० च्या दशकात त्यांनी एक साधी कसोटी बसवली. होल्स्टर माणसाच्या कमरेला, आत रिकामं पिस्तूल. दुसऱ्यानं मूठ धरून पाच सेकंद हव्या त्या दिशेनं ओढायचं. निघालं नाही, तर पहिली पायरी. मग पहिलं कुलूप उघडून पुन्हा पाच सेकंद. तरीही टिकलं, तर दुसरी. असंच पुढे. मला ही कसोटी फार आवडते, कारण ती माणसाच्या हातानं होते. आज मात्र खोक्यावर ‘लेव्हल टू’, ‘लेव्हल थ्री’ छापलेलं दिसतं, ते बऱ्याचदा आत किती खटके आहेत याची नुसती मोजणी असते. सगळ्यांना बांधील असं एकच मानक नाही. म्हणून आकड्यावर जाऊ नका, ओढून बघा.

आता ट्रिगर. इथे मी थोडा जास्त वेळ घेणार आहे, कारण बरेच अपघात पिस्तूल परत आत ठेवताना होतात. जुनं, मऊ पडलेलं चामडं तोंडाशी आत दुमडतं. पिस्तूल आत ढकलताना ती दुमड ट्रिगरच्या कड्यात शिरते, ट्रिगर मागे दाबला जातो आणि गोळी स्वतःच्याच मांडीत. शर्टाचं टोक, झब्ब्याची कड, रेनकोटची गाठ मारलेली दोरी, काहीही असंच अडकू शकतं. म्हणून होल्स्टरचं तोंड पिस्तूल बाहेर असतानाही उघडं राहिलं पाहिजे. मी तोंडाशी चामड्याची दुसरी पट्टी शिवतो, काहींमध्ये आत पातळ पत्रा घालतो. ट्रिगरचं कडं दोन्ही बाजूंनी कडक भागानं पूर्ण झाकलेलं हवं. बाजारात नायलॉनची स्वस्त होल्स्टर मिळतात, ‘कुठल्याही पिस्तुलाला चालेल’ म्हणून. तसलं होल्स्टर बोटानं बाहेरून दाबलं तर ट्रिगर हाताला लागतो. ते घेऊच नका. कुठल्याही पिस्तुलाला चालणारं होल्स्टर कुठल्याच पिस्तुलाला नीट बसत नाही.

आणि परत ठेवताना घाई कसली? काढताना घाई असेल एखाद वेळ. ठेवताना कपडा बाजूला धरा, डोळ्यांनी बघा, बोट ट्रिगरपासून लांब सरळ ठेवा, आणि सावकाश ठेवा. अडकल्यासारखं वाटलं तर जोर लावू नका, बाहेर काढा आणि आत काय आहे ते बघा.

खटका कुठल्या बोटानं सुटतो, हेही महत्त्वाचं. काही होल्स्टरना बाजूला, ट्रिगरच्या कड्याच्या जरा वर बटण असतं आणि ते तर्जनीनं आत दाबावं लागतं. शांतपणे केलं तर ठीक. धांदलीत मात्र तर्जनी जोरात दाबलेली असते आणि पिस्तूल वर येताच तेच बोट सरळ ट्रिगरवर उतरतं. परदेशातल्या काही प्रशिक्षण केंद्रांनी याच कारणासाठी तशा होल्स्टरना मनाई केली. मी गिऱ्हाइकाला अंगठ्यानं सुटणारंच सुचवतो. मूठ धरताना अंगठा आपसूक जिथं येतो, तिथंच टिचबटण हवं. त्यासाठी हात हलवावा लागला तर ती जागा चुकली.

चैत्रातल्या जोतिबाच्या यात्रेच्या बंदोबस्तावर असणाऱ्या एक पीएसआय मॅडम माझ्याकडे येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘मामा, सासनकाठ्या नाचत होत्या, मागून रेटा आला, आणि कुणाचा तरी हात माझ्या होल्स्टरवर पडला. मुद्दाम होता की आधाराला होता, देव जाणे. माझा जीव मात्र हातात आला.’’ त्यांचं होल्स्टर पुरुषाच्या कमरेच्या हिशोबानं केलेलं होतं. बाईची कंबर वर आखूड आणि खाली रुंद, त्यामुळे मूठ बरगडीत रुतायची आणि त्या ती सारखी हातानं बाहेर ढकलायच्या. सतत हलवून टिचबटण ढिलं झालेलं. मी पट्ट्याचं घर दोन बोटं वर घेऊन होल्स्टर खाली उतरवलं आणि मधे चामड्याची गादी घालून होल्स्टर अंगापासून थोडं बाहेर काढलं. आता मूठ सरळ राहते, आणि कोपर शरीराशी दाबलं की होल्स्टर कोपराखाली येतं. गर्दीत हीसुद्धा एक राखण आहे.

पट्ट्याबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून मीच बोलतो. चांगलं होल्स्टर पँटीच्या पातळ पट्ट्यावर लटकवलं, की ओढणाऱ्याच्या हातात पिस्तूल होल्स्टरसकट येतं. नुसत्या क्लिपवर अडकणारी तर हटकून वर सरकतात. दीड इंच रुंद, दोन थरांचा, उभा धरला तर वाकून न पडणारा पट्टा घ्या, आणि होल्स्टरचं घर त्याच मापाचं हवं, पाऊण बोटही सैल नको. पोलीस अधिकारी परेडला छातीवरून आडवा पट्टा घालतात, त्याची मूळ गोष्टही याच्याशी जुळते. सॅम ब्राऊन हा इंग्रजांच्या हिंदुस्थानातल्या फौजेतला अधिकारी. १८५८ मध्ये पिलीभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हातानं म्यान धरायचं आणि दुसऱ्यानं तलवार उपसायची, हे त्याला जमेना. म्हणून वजन खांद्यावर तोलून धरणारा पट्टा आला. हत्यार स्थिर राहायचं तर आधी पट्टा स्थिर हवा, हे त्याला हात गमावून कळलं.

साध्या परवानाधारकाला सहसा .३२ बोअरच मिळतं. ९ मिलिमीटर प्रतिबंधित बोअरमध्ये मोडतं. त्यानं २०१६ चे शस्त्र नियम जरूर वाचावेत. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल नेताना ते अंगाशी बांधलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच खास पिशवीत हवं, पूर्ण झाकलेलं हवं, आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा हवा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे मूठ दिसावी म्हणून शर्ट वर खोचणारे नियमाच्या बाहेर आहेत. मला त्यांचा रागही येतो. दिसणारं पिस्तूल हे हिसकावणाऱ्याला दिलेलं आमंत्रण आहे. झाकलेल्या पिस्तुलाला घट्ट पकड आणि अंगठ्याची एक पट्टी पुरते.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा बाहेरगावी निघण्याच्या तयारीत असताना त्यांचं परवान्याचं रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं आणि सुटलेली गोळी त्यांच्या पायात घुसली. त्या आठवड्यात माझा फोन सतत वाजत होता. सगळ्यांचा प्रश्न एकच, आमचं पडलं तर? जुन्या घडणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आपट बसली तर गोळी सुटू शकते, म्हणून जुने लोक घोड्याखालचं घर रिकामं ठेवत. पट्टी घोड्यावरून घट्ट बसणारी हवी ती याचसाठी. आणि हाताळणी जितकी कमी तितकं बरं. दिवसा थोड्या वेळासाठी काढून ठेवायचं असेल, तर पिस्तूल होल्स्टरमधून उपसू नका, होल्स्टरसकट पट्ट्यावरून उतरवा. यासाठी मी पट्ट्याच्या घराला दोन टिचबटणं देतो. आत-बाहेर करणं दिवसातून एकदाच, घरी आल्यावर, गोळ्या काढताना.

नवं होल्स्टर घरी नेल्यावर काय करायचं, ते मी प्रत्येकाला बसवून सांगतो. गोळ्या दुसऱ्या खोलीत. चेंबर डोळ्यांनी बघा, मग करंगळी घालून बघा. पिस्तूल आत ठेवा, पट्टी लावा, गादीवर उलटं धरून जोरात हलवा. पट्टी उघडूनही एकदा हलवा; नुसत्या पकडीवरही ते लगेच पडायला नको. कमरेला लावून जिना चढा, उकिडवे बसा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. आत असतानाच पूर्ण मूठ धरता येते का बघा; बाहेर आल्यावर पकड सावरावी लागली तर होल्स्टर चुकीचं आहे. सेफ्टीची पट्टी आत घासून आपोआप खाली तर होत नाही ना? डावखुऱ्यानं डाव्या हाताचंच घ्यावं. पाठीच्या मधोमध लावू नका, पाय घसरून पडलात तर ते लोखंड मणक्यावर बसेल. आणि ओढून बघायचं ते खऱ्या पिस्तुलावर नाही, निळ्या डमीवर, म्हणजे नकली पिस्तुलावर.

मी कातड्याचा माणूस, तरी एक कबूल करतो. पावसाळ्यात बंदोबस्त करणाऱ्याला मी आता कायडेक्सचं घ्यायला सांगतो. विमानाच्या आतल्या भागांसाठी १९६० च्या दशकात आलेलं हे प्लास्टिक. तापवून मऊ करायचं आणि डमीवर दाबायचं, थंड झालं की आकार सोडत नाही. पिस्तूल बसलं की ‘टक्’ असा आवाज येतो. माझी सून ते काम करते. त्याचेही दोष आहेत: पिस्तुलाचा काळा रंग घासून जातो, स्क्रू ढिले होतात, महिन्याला एकदा तपासावे लागतात. चामडं अंगाला सुखाचं, आवाज न करणारं, पण त्याला राखावं लागतं. साडेतीन मिलिमीटर जाडीचं, सालीत कमावलेलंच घ्या. ते ओलं करून सांगाड्यावर दाबलं की आकार धरतं. भिजलं तर सावलीत वाळवा, चुलीजवळ किंवा उन्हात नको. आणि रात्रभर पिस्तूल चामड्यात ठेवू नका. चामडं ओल धरतं, लोखंडावर गंज चढतो, पितळेच्या काडतुसांवर हिरवा थर येतो. गोळ्या काढा, पुसा, कोरड्या कुलूपबंद पेटीत ठेवा.

यंदाही यात्रा संपल्यावर तिसऱ्या दिवशी पीएसआय मॅडम आल्या. होल्स्टर आतून गुलाबी झालं होतं. गुलाल टिचबटणाच्या वाटीत बसला की ते अर्धंच लागतं, आणि बाहेरून लागल्यासारखं दिसतं. मी वर्तमानपत्र पसरलं, दातांच्या जुन्या ब्रशानं सगळं झाडून काढलं, वाटी सुईच्या टोकानं कोरली. मग त्यांनी ते कमरेला लावलं, निळी डमी आत सरकवली, टिचबटण दाबलं. आवाज नीट आला. सुनेनं मूठ धरून ओढलं. मॅडमनी पाय रोवले आणि म्हणाल्या, ‘‘वहिनी, अजून जोरात.’’