ढोलकीची वानगी

आम्ही काल्हेरच्या बचत गटातल्या बाया बोलतोय. ठाणे-भिवंडी रस्त्यावरचं आमचं गाव. एका अंगाला गोदामं, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि लग्नसराई आली की घरोघर हळद. हळदीला बँजो पार्टी येते, तेव्हा आठ चौकोनांच्या पाटीवर काठ्या मारणारा पोरगा तुम्ही बघितला असेल. एकाच पाटीतून ढोलकी, ताशा, झांज, सगळं निघतं. तो ऑक्टापॅड. रोलंड या जपानी कंपनीने १९८५ साली तो आणला. गंमत म्हणजे त्या पहिल्या पाटीत स्वतःचा आवाजच नव्हता. दुसऱ्या यंत्राला जोडली की मग ती बोलायची. हा आवाज भरतात कसा, ते कळलं तर घरच्या घरी आपणही भरू शकतो.

तांदूळ घेताना आपण पोत्यातली मूठभर वानगी बघतो ना? सँपल म्हणजे तशीच आवाजाची वानगी. खऱ्या ढोलकीची एक थाप रेकॉर्ड करायची, कापून ठेवायची, आणि बटण दाबलं की तीच वाजवायची. अमेरिकेत रॉजर लिन यांनी १९८० साली खऱ्या ड्रमच्या वानग्या भरलेलं यंत्र विकायला आणलं. आता तेच काम फोनवर होतं. आवाज कापायला ऑडॅसिटी, ठेका मांडायला हायड्रोजन, हे दोन्ही कॉम्प्युटरवर फुकट मिळतात. फोनवर बँडलॅब आहे. प्लगिन हा शब्द ऐकून घाबरू नका. मिक्सर एकच, त्याला कधी चटणीचं भांडं लावतो, कधी ज्यूसचं. तसं मुख्य प्रोग्रामला ढोलकीचं भांडं लावायचं, ते प्लगिन.

रेडिओसाठी हळदीचं गाणं करताना आम्ही आधी तयार ठेका घेतला. आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या काकूंनी ऐकलं आणि म्हणाल्या, "ह्ये आपलं नाय." चूक सापडायला आम्हाला दोन दिवस लागले. असे प्रोग्राम उघडले की बहुतेक वेळा सोळा घरं मांडून देतात, म्हणजे चार-चारची चाल. आमचं गाणं सहाच्या चालीचं. गाणं पुढे, ताल मागे, असं चाललं होतं. मग घरं बारा केली. पहिल्या घरात धा, तिसऱ्यात धिं, पाचव्यात ना. सातव्यात धा, नवव्यात तिं, अकराव्यात ना. मधली घरं रिकामी. एवढं केलं आणि काकूंचा पाय आपोआप हलला.

तरी आवाज परकाच होता. तयार ढोलकी दुसऱ्याच सुरात लावलेली होती. प्रोग्राममध्ये सूर वरखाली करता येतो, पण फार ओढला की ढोलकीचा पत्र्याचा डबा होतो. मग ठरलं, काकूंचीच ढोलकी भरायची.

हे काम सकाळी लवकर करा. आम्ही दुपारी बसलो, तर प्रत्येक थापेत ट्रेलरचा हॉर्न आला. पंखा बंद. खोलीत गोधड्या टांगा, म्हणजे आवाज भिंतीवर आपटून परत येत नाही. ढोलकी आधी गाणारणीच्या सुराला लावून घ्या. फोन ढोलकीपासून हात-दीड हात लांब ठेवा; अगदी जवळ ठेवला की जोराची थाप फाटते, आणि फाटलेला आवाज शिवता येत नाही. उजव्या अंगाची ता, ना, डाव्याची घुमारी, दोन्ही हातांची एकत्र थाप, आणि घिस्सा, एवढं पुरे. पण प्रत्येक थाप हलकी, मध्यम, जोराची अशी तीन-चार वेळा घ्या. एकच थाप पुन्हापुन्हा वाजली की कान लगेच ओळखतो, टाइपरायटर चालल्यासारखं वाटतं. एक थाप पूर्ण विरू द्या, मगच दुसरी. कापताना थापेच्या आधीची शांतता अगदी बुडापासून काढा, नाहीतर प्रत्येक घाव उशिरा पडतो. आणि वाजवताना बिनवायरचे इअरफोन नकोत, त्यातून आवाज जरा मागाहून येतो.

सगळं झाल्यावर काकू गप्प बसल्या. आम्ही विचारलं, तर म्हणाल्या, "आता मला कशाला बोलवाल? माझा हात तर डब्यात भरून ठेवलात." आम्हाला त्यावर पटकन उत्तर सुचलं नाही. त्यांच्या म्हणण्यात खोट नव्हती. बोटं दुखतात, तासभर वाजवणं आता होत नाही, हेही खरंच. मग गटाच्या वहीत लिहिलं: या थापा वापरून पैसे मिळालेल्या प्रत्येक गाण्यात काकूंचा वाटा गाणारणीइतका, दुसऱ्या कुणाला थापा द्यायच्या तर आधी त्यांना विचारायचं. काहीजणींना हे जास्त वाटलं. आम्हाला नाही वाटलं.

याच न्यायाने, सिनेमाच्या गाण्यातला ठेका कापून घेऊ नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे ध्वनिमुद्रणावरचा हक्क ते प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं राहतो, तुकडा छोटा म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. फुकट मिळणाऱ्या थापांच्याही अटी वाचून घ्या.

एक गोष्ट मात्र आम्ही केली नाही. धवलारणीच्या धवल्यांना ठेका लावला नाही. धवले फार जुने, महदंबेचे धवले तर तेराव्या शतकातले. आमच्या धवलारणीचा धवला तिच्या दमावर चालतो, कुठे थांबायचं ते तीच ठरवते. घरं मांडली की तिला धावावं लागतं. तो नुसता रेकॉर्ड केला, गोधड्या तेवढ्या टांगल्या.

काकू सध्या नातीला घिस्सा शिकवतायत. तो घिस्सा आमच्या रेकॉर्डिंगमध्ये बरा आलेला नाही, असं त्यांचं म्हणणं आहे. पुन्हा घ्यायचाय.