संगणकावरील फाइली : हाताशी आणि तरीही जागच्या जागी

शासकीय कार्यालयातील मेजावर सर्वच कागद नसतात. रोज लागणारी प्रकरणे मेजावर, बाकीची कपाटात आणि निकाली निघालेली अभिलेख कक्षात, ही शिस्त सहा गठ्ठा पद्धतीमुळे कर्मचाऱ्यांच्या परिचयाची आहे. संगणकाच्या पडद्यास 'डेस्कटॉप', म्हणजे मेजाचा पृष्ठभाग, असे म्हणतात तेही याच कल्पनेवरून. झेरॉक्स कंपनीने १९८१ साली विक्रीस आणलेल्या 'स्टार' या संगणकाच्या पडद्यावर कागद आणि फोल्डर यांची चित्रे होती. कार्यालयात काम करणाऱ्या माणसास यंत्र परके वाटू नये, हा त्यामागील हेतू.

मात्र खऱ्या मेजावर जे साधत नाही ते येथे साधते. मूळ फाईल कपाटात ठेवून तिच्याकडे नेणारी खूण तेवढी मेजावर ठेवता येते. तिलाच 'शॉर्टकट' म्हणतात. मॅकिन्टॉश संगणकावर ही सोय १९९१ मध्ये, तर विंडोजमध्ये १९९५ साली आली. ग्रंथालयातील सूचिकार्डासारखेच तिचे काम असते. कार्ड फाटले म्हणून पुस्तक नाहीसे होत नाही. तसेच कार्ड खिशात घालून नेले म्हणून पुस्तकही सोबत येत नाही. पेनड्राइव्हमध्ये केवळ शॉर्टकट घेऊन तालुक्याच्या बैठकीस जाणाऱ्यास याचा प्रत्यय तेथेच येतो.

शॉर्टकट आणि प्रत यांतील भेद लक्षात न घेतल्यास नुकसान नागरिकाचे होते. ग्रामपंचायतीचा नमुना ८, म्हणजे कर आकारणी नोंदवही, वारंवार लागते म्हणून तिच्या तक्त्याची प्रत डेस्कटॉपवर काढली जाते. काही दिवसांनी एका प्रतीत नव्या नोंदी आणि दुसरीत जुन्याच, अशी स्थिती होते. मग उताऱ्यासाठी आलेल्या घरमालकाच्या हाती काय पडेल, हे त्या दिवशी कोणती प्रत उघडली गेली यावर ठरते! मूळ फाईलच डेस्कटॉपवर ठेवणे हेही निर्धोक नाही. डेस्कटॉपवरील फाइली सामान्यतः विंडोज असलेल्या 'सी' ड्राइव्हमध्येच असतात. यंत्र बिघडून तो ड्राइव्ह पुसावा लागला, तर अन्यत्र प्रत नसलेल्या फाइलीही त्यासोबत जातात. शिवाय बदलून आलेल्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने संगणक उघडल्यास त्या त्याच्या पडद्यावर दिसत नाहीत.

कृती अवघड नाही. मूळ फाइलीवर माउसचे उजवे बटण दाबून 'सेंड टू' आणि त्यातील 'डेस्कटॉप' हा पर्याय निवडावा. विंडोज ११ मध्ये त्याआधी 'शो मोअर ऑप्शन्स' निवडावे लागते. तयार झालेल्या चित्राच्या कोपऱ्यात लहानसा बाण दिसतो. शॉर्टकट ओळखण्याची हीच खूण. बाण नसेल तर ती फाईल मूळ किंवा प्रत असू शकते, म्हणून पुसण्यापूर्वी खात्री करावी.

पडद्यावर चित्रांची गर्दी नको असल्यास, खालच्या पट्टीवरील एक्सेलसारख्या प्रणालीच्या चित्रावर उजवे बटण दाबावे. अलीकडे उघडलेल्या फाइलींची यादी दिसते आणि त्यांतील हवी ती फाईल तेथेच कायम ठेवता येते. ही सोय २००९ मधील विंडोज ७ पासून आहे.

मूळ फाइलीची जागा किंवा नाव बदलल्यास शॉर्टकट निकामी होऊ शकतो. अशा वेळी तो पुसून नवा करावा. मूळ फोल्डरची प्रत ठराविक दिवशी बाहेरच्या डिस्कवर घ्यावीच. शॉर्टकटमध्ये फाइलीतील एकही नोंद नसते.