दगड उचलण्याआधी

कोकणात कातळाच्या सड्यावर दगड हात घालून नव्हे, काठीने उलटतात. खाली फुरसे असू शकते. जेमतेम हातभर लांबीचे, मातकट रंगाचे. डिवचले की अंगाची वेटोळी एकमेकांवर घासून करकर आवाज काढते. तो ऐकू आला तर दोन पावले मागे या, बस. घोणस तर कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते. तिला अजगराचे पिल्लू समजून हातात धरणारेही आहेत!

मण्यार मात्र आवाज करत नाही. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि दंश पुष्कळदा कळतही नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात. म्हणून शेतावर मुक्काम असेल तर खाटेवर झोपा, मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. अंधारात बॅटरी आणि घोट्यापर्यंतचे बूट हवेतच.

साप चावलाच तर कापणे, चोखणे, आवळून दोरी बांधणे यांतले काही करू नका. अंगठी, पैंजण, घड्याळ काढा. चावलेल्या हाताला किंवा पायाला फळी बांधून तो हलू देऊ नका आणि रुग्णाला चालवू नका. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर प्रतिविष एकच आहे. ते मांत्रिकाकडे नसते, दवाखान्यात असते. १०८ ला फोन करा.